जीआरबीचे गट पाडायचे तर २ सेकंदांची रेघ, के-मीन्स, जीएमएम की टी-एसएनई?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला गॅमा किरण स्फोट, म्हणजे जीआरबी, घेतलेत ना, मग डेटा फुकट मिळतो त्याची चिंता नको, डोकेदुखी पुढे आहे, कारण प्रत्येक पद्धत त्याच डेटातून वेगळंच चित्र काढते.

सगळ्यात स्वस्त २ सेकंदांची रेघ. १९९३ मध्ये बॅट्सी या अंतराळातल्या उपकरणाच्या डेटावरून आलेली. टी-९०, म्हणजे स्फोटाचे ९० टक्के किरण येण्याचा वेळ, दोन सेकंदांच्या खाली तर शॉर्ट, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, वर तर लाँग, म्हणजे भला मोठा तारा कोसळला. एका ओळीचा कोड, झालं. पण जीआरबी २११२११ए चांगला ५० सेकंदांच्या आसपास चालला आणि मागे सापडली किलोनोव्हा, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतरचा उजेड, उलट २००८२६ए जेमतेम सेकंदभराचा आणि खुणा मात्र तारा कोसळल्याच्या. आता बोला!

के-मीन्स, म्हणजे जवळजवळचे बिंदू एका गटात टाकणारी पद्धत, घेणार असाल तर आधी आकड्यांचा लॉग घ्या. मी विसरलो होतो. फ्लुएन्सचे (आपल्यापर्यंत पोचलेल्या एकूण ऊर्जेचे) आकडे दहाचा उणे सहावा घात वगैरे आणि टी-९० शंभरात, त्यामुळे अंतर काढताना फ्लुएन्स, हार्डनेस (जास्त आणि कमी ऊर्जेच्या किरणांचं गुणोत्तर) कुणी विचारतच नाही, सगळी चाल टी-९०ची, आणि मी दोन दिवस खुश की काय मस्त गट पडलेत. शिवाय गट किती ते आपणच सांगायचं, म्हणजे उत्तर आधी आणि गणित नंतर.

जीएमएम, म्हणजे गॉशियन मिक्श्चर मॉडेल, त्यापेक्षा बरं. हा स्फोट ७० टक्के इकडचा, ३० टक्के तिकडचा असं सांगतं, आणि सीमेवरच्यांसाठी तेच हवं. फक्त तिसरा गट दिसला की लगेच नाचू नका. १९९८ मध्ये बॅट्सीच्या ७९७ स्फोटांत तीन गट निघाले होते, मग २००० मध्ये डिसिजन ट्री वापरून दुसऱ्या टीमने दाखवलं की तो मधला गट उपकरणाच्या मर्यादेतून आलेला असू शकतो.

टी-एसएनई सारखे स्फोट नकाशावर जवळजवळ मांडतं, आणि त्याची मजा वेगळी, कारण इथे चार आकडे नाही तर अख्खा लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार चमक कशी बदलली त्याचा आलेख, जातो. २०२० मध्ये स्विफ्ट उपग्रहाच्या डेटावर असं केलं तर दोन स्वच्छ बेटं दिसली. पण कर्व्ह नॉर्मलाइझ करा, लांबी सारखी करा, फूरिये ट्रान्स्फॉर्म घ्या, यातच महिना जातो, आणि बेटांमधलं अंतर मोजून त्यावर निष्कर्ष काढायचा नाही हे गाइडला समजावताना आणखी एक.

एकच सेमिस्टर हातात असेल तर मी डोळे झाकून फर्मी उपग्रहाचा कॅटलॉग आणि जीएमएम घेईन, आणि पहिल्याच दिवशी २११२११ए कुठल्या गटात पडतो ते बघेन.