लॉकरची सगळ्यात खालची ओळ : पंधरा महिन्यांनंतर

गौरी आणायच्या आदल्या दिवशी बँकेतला लॉकर उघडला आणि चांदीचं ताम्हण बाहेर काढलं, तर ते काळं पडलेलं. निरांजनं, पंचपाळं, सासूबाईंची अत्तरदाणी, सगळ्यांवर निळसर काळी झाक. लॉकरच्या खोलीत फरशीवर बसूनच मला रडू फुटलं. फरशीवर, कारण माझा लॉकर सगळ्यात खालच्या ओळीत आहे. या ओळीविषयी मला बरंच बोलायचं आहे.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. सोन्याचा डबा पोटाशी बांधून मी बाहेर पडले, चांदीची पेटी माळ्यावर राहिली. घरी परत येईपर्यंत तिची काळजी एका क्षणासाठी सुटली नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. मग विश्रामबागेच्या बाजूच्या एका बँकेत लॉकरसाठी नाव घातलं. प्रतीक्षायादीत बरेच महिने गेले आणि गेल्या वर्षी जूनमध्ये लॉकर मिळाला.

भाडं वर्षाला १,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१२४. हे मला रास्त वाटतं. रास्त वाटलं नाही ते एक लाखाच्या ठेवीचं. फॉर्म भरताना सांगितलं की एवढी एफडी ठेवल्याशिवाय लॉकर नाही. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२१ चं परिपत्रक घेऊन गेले. त्यात तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च भागेल एवढीच मुदत ठेव मागता येते. दोन फेऱ्या झाल्या, आवाज चढले, शेवटी दहा हजारांवर काम झालं. तुमच्याकडे जास्त मागत असतील तर परिपत्रक छापून न्या, तोंडी बोलून उपयोग होत नाही.

करारातलं आणखी एक कलम नीट वाचा. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. माझ्या बाबतीत १,८०,००० रुपये, म्हणजे आजच्या भावात पाटल्यांची एक जोडीसुद्धा होत नाही. आणि पूर, भूकंप, वीज अशा आपत्तीत बँकेची हयगय नसेल तर काहीच नाही.

म्हणूनच खालच्या ओळीची मला धास्ती. माझ्या लॉकरचा तळ जमिनीपासून जेमतेम एक वीत वर आहे आणि शाखा तळमजल्यावर. २०१९ ला पाणी या शाखेच्या मागच्या गल्लीपर्यंत आलं होतं, हे तिथल्या रखवालदारानेच सांगितलं. सांगली-कोल्हापूरकडे, चिपळूण-महाडला लॉकर घेणाऱ्याने भाड्याच्या आधी मजला विचारावा आणि मजल्यानंतर ओळ. मी विचारलं नाही, मिळाला याच आनंदात सही केली. सासूबाईंचं वय ७८. त्यांना खाली बसता येत नाही, त्यामुळे स्वतःचे दागिने त्या स्वतःच्या हाताने काढू शकत नाहीत. त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

तर काळी चांदी. गेल्या वर्षी सुतक होतं म्हणून ती बाहेर निघालीच नव्हती. मी तडक मॅनेजर मॅडमकडे गेले, खोलीत ओल आहे, खालच्या ओळीत ती मुरते, असं बरंच ऐकवलं. त्यांनी भिंती दाखवल्या. कोरड्या होत्या. मला पटलं नाही. या परीक्षणाच्या पहिल्या मसुद्यात मी बँकेला दोनच तारे दिले होते.

दुसऱ्या दिवशी ताम्हण घेऊन सराफ कट्ट्यावर गेले. आमचे नेहमीचे सराफ म्हणाले, "वहिनी, हे ओलीचं काम नाही. रबर लावलं होतं ना?" लावलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून वर रबरबँड. ताम्हणाच्या काठावर जिथे रबर होतं तिथे पट्टा काळाकुट्ट होता. रबरातलं गंधक चांदीला लागतं आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, कागदही त्यात भर घालतो. सीलबंद प्लॅस्टिकमधली नाणी त्याच लॉकरमध्ये लख्ख होती, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मॅडमना फोन करून मी माफी मागितली. त्या मनापासून हसल्या. बँकेला आता चार तारे.

घरी पातेल्याच्या तळाला ॲल्युमिनियम फॉइल घातली, कडकडीत पाणी, खायचा सोडा, आणि चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवली. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी चांदीच राहते. पावडरीने घासलं तर दरवेळी थोडी चांदी झिजते, इथे ते होत नाही. खडे बसवलेल्या वस्तूंना मात्र हे करू नका. आता प्रत्येक वस्तू धुतलेल्या मलमलीत, मग झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेल.

खरेदीचंही थोडं बदललं. सोन्याच्या वेढण्या मूठभर जागेत मावतात आणि मोडताना मजुरी फारशी बुडत नाही. तेवढ्याच पैशांच्या चांदीच्या भांड्यांनी अख्खा लॉकर भरतो. त्यामुळे पूजेपुरती चांदी पुरे, गुंतवणुकीची चांदी ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारात मिळणाऱ्या चांदीच्या फंडात. आपल्याकडे ते २०२२ पासून मिळतात. सोनं मात्र मला हातात हवं, हॉलमार्कचा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक (एचयूआयडी) बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तपासूनच.

वरच्या ओळीसाठी लेखी अर्ज दिला आहे, पोचही घेतली. माझा क्रमांक तिसरा. तोवर पावसाळ्यात आयर्विनपाशी पाणी ४० फुटांवर गेल्याचं कळलं की बँक उघडायच्या आधी मी दारात असेन.