लांब केसांच्या अंबाड्यासाठी आकडे: कोणते घ्यावेत, कसे खोचावेत

कंबरेपर्यंतच्या केसांचा अंबाडा टिकतो तो आकड्यांवर. रबरबँड फक्त पाया धरतो आणि काळ्या पिना सुटे केस दाबतात. वेटोळ्यांचं वजन पेलतो तो दोन पायांचा, खाली उघडा असलेला आकडा. त्याबद्दलची तक्रार मात्र सगळीकडे एकच, की तासाभरात तो वर सरकतो. यात दोष थोडा मालाचा असतो आणि बराचसा खोचण्याचा.

आधी माल पाहू. पातळ तारेचे, सरळ पायांचे आकडे स्वस्त पडतात, पण दाट केसांत ते वाकतात आणि मग कायमचे फाकलेले राहतात. घेताना दोन्ही पाय चिमटीत दाबून सोडावेत. ते लगेच पहिल्याइतके उघडले नाहीत, तर तो आकडा अंबाड्यासाठी नाही. मधे नागमोडी वळणं असलेले पाय केसांना जास्त धरून राहतात, म्हणून मऊ, निसरड्या केसांसाठी तेच घ्यावेत. लांबी साडेसहा-सात सेंटिमीटर हवी. साडेचार सेंटिमीटरचे छोटे आकडे टोकं लपवायला ठीक, पण भार त्यांच्यावर टाकू नये.

टोकं नीट तपासावीत. थेंबासारखं आवरण चढवलेली टोकं नवी असताना छान वाटतात, पण आवरण निघालं की उघडी तार टाळूला ओरखडते आणि केस तोडते. टोक पातळ जॉर्जेटच्या कापडावरून ओढून पाहावं. धागा अडकला तर केसही अडकणार. असा आकडा सरळ टाकून द्यावा.

आता अंबाडा. केस विंचरून मागे पोनी बांधावी, पण कपाळाच्या कडेचे केस ताणले जातील इतकी घट्ट नको. रोज तिथेच ताण पडला तर तिथले केस विरळ होत जातात. पोनीला पीळ द्यावा आणि पीळ ज्या दिशेला आहे त्याच दिशेने रबरबँडभोवती गुंडाळावी. उलट दिशेने गुंडाळलं की पीळ उकलतो आणि अंबाडा सैल पडतो. मग कितीही आकडे लावा, उपयोग नाही. शेवटचं टोक वेटोळ्याखाली दडवावं.

खरी करामत खोचण्यात आहे. आकडा अंबाड्याच्या कडेशी उभा धरून बाहेरच्या वेटोळ्याची जेमतेम एक बारीक बट आणि तिच्याखालचे डोक्यावरचे थोडे केस पायांत घ्यावेत. मग आकड्याची पाठ, म्हणजे वळलेली बंद बाजू, बाहेरच्या बाजूला कलती करून पाय अंबाड्याच्या मध्याकडे वळवावेत आणि डोक्याला समांतर आत सरकवावं. हे वळण घेतलं की वेटोळं आणि डोक्यावरचे केस एकमेकांत अडकतात. सरळ आत खुपसलेल्या आकड्याला धरायला काहीच नसतं, म्हणून तो बाहेर येतो. पहिले चार समोरासमोर लावावेत: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कंबरेखाली जाणाऱ्या केसांना आणखी दोन. सहा लावूनही अंबाडा डुलत असेल तर सातवा शोधू नका. सोडून पुन्हा गुंडाळा.

नुकत्याच धुतलेल्या केसांवर, विशेषतः कंडिशनर लावल्यावर, सगळंच निसटतं. दुसऱ्या दिवशी हेच केस नीट धरतात. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालू नये. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो.

स्प्रिंगसारख्या पिळाच्या पिना घाईत फार कामाच्या. एक वरून, दुसरी खालून स्क्रूसारखी फिरवत घालायची की दोन पिनांत अंबाडा बसतो. काढताना उलटं फिरवायचं. ओढली तर गुंता आणि तुटलेले केस हातात. पण थरांमध्ये कापलेल्या केसांची आखूड टोकं त्यांतून निसटतात. तिथे आकडेच बरे. क्लचर घरच्या घरी ठीक. दाट केसांना मात्र दातांची पकड पुरत नाही, आणि आतली स्प्रिंग ढिली झाली की तो उपयोगाचा राहत नाही.

फ्रेंच रोलसाठीही हेच आकडे चालतात. केस मानेशी एकत्र धरून वर पिळत न्यावेत, उरलेली टोकं घडीत कोंबावीत आणि शिवणीच्या बाजूने, म्हणजे घडीची कड डोक्याला टेकते तिथे, तीन-चार आकडे त्याच वळणाने, खालून वर लावत जावेत. फार लांब केस असतील तर टोकांची आधी सैल वेणी घालावी. नाहीतर घडीत फुगवटा येतो आणि सगळं वजन सगळ्यात वरच्या आकड्यावर जातं.