बेळगावजवळचे तीन दिवसांचे निवासी शिबिर : जाण्यापूर्वी वाचावे असा अनुभव

गेल्या श्रावणात मी आणि माझी मामेबहीण बेळगावपासून तासाभराच्या अंतरावर भरणाऱ्या एका निवासी मनःशांती शिबिराला गेलो होतो. संस्थेचे नाव येथे देत नाही. शुल्क माणशी साडेचार हजार रुपये होते. बहिणीचे यजमान वर्षापूर्वी वारले. कोणीतरी तिला हे शिबिर सुचवले, आणि तिने एकटीने जायला नको म्हणून मी सोबत गेलो.

व्यवस्थेबद्दल तक्रारीला जागा नाही. खोल्या स्वच्छ होत्या, भर पावसात गरम पाणी वेळेवर मिळत होते, आणि जोंधळ्याची भाकरी, मुगाची उसळ, ताक असे साधे जेवण मायेने वाढले जात होते.

शिबिर चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘सर’ म्हणतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी साठेक माणसांची नावे आणि गावे लक्षात ठेवली, कोणाच्या घरी आजारपण आहे याची आठवणीने चौकशी केली, आणि निपाणी-खानापूरकडच्या माणसांशी मराठीत, तर बैलहोंगल-गोकाककडच्या माणसांशी कन्नडमध्ये तितक्याच सहजतेने ते बोलले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषेचे दुःख आमच्या भागात घराघरात आहे. दुकानाच्या पाटीवरूनही येथे मने दुखावतात. अशा ठिकाणी दोन्ही भाषकांना एका पंगतीत बसवणारा माणूस भेटला की ऊर भरून येतो. माझाही आला होता.

मोबाईल आल्याआल्या जमा करून घेतले होते. रात्री अकरापर्यंत सत्र आणि पहाटे साडेतीनला उठवणे, यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारीच डोके जड झाले होते. त्याच अवस्थेत प्रत्येकाला कागद देऊन आयुष्यातली सर्वांत मोठी चूक लिहायला आणि खाली सही करायला सांगितले. हे कागद न वाचता अग्नीत टाकले जातील, असे आश्वासन होते. एका शिक्षकांनी सहीची गरज काय असे विचारले, तर सर नुसते हसले. पण रात्री जेवताना त्या शिक्षकांच्या शेजारी कोणी बसले नाही.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा कागद सरांच्या हातात होता. नवऱ्याला दवाखान्यात न्यायला आपण उशीर केला, असे तिने लिहिले होते. ते वाक्य सर्वांसमोर वाचले गेले, ती कोसळून रडली, आणि मग सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘आता हा भार माझा’ असे म्हटले. त्याच दुपारी तिने एकवीस दिवसांच्या पुढच्या पायरीसाठी पस्तीस हजार रुपये भरले. पावती मिळाली नाही.

परतीच्या बसमध्ये बैलहोंगलचे एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या शेजारी होते. सरांनी मला एकांतात सांगितले होते की मराठी माणसेच माझे म्हणणे खोलवर समजतात, कन्नड मंडळी मन मोकळे करत नाहीत. त्या गृहस्थांना नेमके याच्या उलट सांगितले होते. आम्ही दोघेही बेळगाव येईपर्यंत काही बोललो नाही.

घरी आल्यावर मी ‘पीपल्स टेम्पल’ या अमेरिकी पंथाचा संस्थापक जिम जोन्स याच्याविषयी पुन्हा वाचले. हा माणूस आरंभापासून राक्षस म्हणून लोकांसमोर आला नव्हता. १९५० च्या दशकात अमेरिकेतील इंडियानापोलिसमध्ये त्याने काळ्या-गोऱ्यांना एकाच प्रार्थनामंदिरात आणले, आणि त्या काळी हे खरोखर मोठे काम होते. त्याच्या पंथातही अनुयायांकडून खोटे कबुलीजबाब आणि कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जात. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातील त्याच्या वसाहतीत नऊशेहून अधिक माणसे मेली. त्यांत सुमारे तीनशे मुले होती. आमच्या शिबिराची आणि त्या संहाराची बरोबरी मी करत नाही. मात्र खऱ्या चांगुलपणाने विश्वास मिळवायचा आणि मग माणसाचे गुपित आपल्या मुठीत ठेवायचे, ही रीत मला ओळखीची वाटली.

बहिणीला मधुमेह आहे. गोळ्या बंद करा असे सर उघड म्हणत नाहीत; श्रद्धा पूर्ण झाली की गोळी आपोआप सुटते, असे म्हणतात. एकवीस दिवसांनंतर तिची साखर वाढलेली निघाली, तेव्हा आपलीच श्रद्धा कमी पडली असे तिने मला सांगितले. १९५४ मध्ये अमेरिकेत २१ डिसेंबरला महापूर येणार असे मानणाऱ्या एका गटात मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी निरीक्षणासाठी मिसळले होते. पूर आला नाही, तरी नोकरी आणि घरदार पणाला लावलेल्यांपैकी अनेकांचा विश्वास ढळण्याऐवजी वाढला, असे त्यांनी नोंदवले. बहिणीशी आकड्यांवरून वाद घालून उपयोग होणार नाही, हे मला त्यावरून कळले, पण उशिरा.

तरीही कोणाला जायचेच असेल, तर मोबाईल देऊ नये, पावतीशिवाय पैसे भरू नयेत, सहीचा कागद लिहू नये आणि औषधाचा निर्णय आपल्या डॉक्टरांनाच विचारावा. मी पैसे परत मागितले, तेव्हा ती देणगी होती असे फोनवर उत्तर मिळाले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार केला, परंतु पैसे बहिणीने भरलेले आहेत आणि आपण फसलो असे तिला वाटतच नाही.

नवरात्रात मी तिला फार कठोर बोललो, त्यानंतर दिवाळीपर्यंत तिने माझा फोन घेतला नाही. भाऊबीजेला मात्र आली. मी शिबिराचा विषय काढला नाही, गोळ्या घेतेस का एवढेच विचारले. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, “दादा, मार्गशीर्षात तिसरी पायरी आहे. या वेळी येशील ना?”