कात्री जॅक, बाटली जॅक की ट्रॉली जॅक?

जॅक घेताना बहुतेक जण तो किती टन उचलतो एवढेच विचारतात. लहान मोटारीसाठी हा प्रश्न गौण आहे, कारण टायर बदलताना गाडीचा एकच कोपरा उचलायचा असतो आणि तेवढा भार तिन्ही प्रकारचे चांगले जॅक पेलतात. जॅक जमिनीवर कसा उभा राहतो आणि उचललेला भार कशाच्या जोरावर धरून ठेवतो, हे आधी पाहावे.

गाडीसोबत मिळणाऱ्या कात्री जॅकमध्ये आट्यांचा दांडा असतो. फिरवणे थांबवले की आटेच भार अडवून धरतात, आणि तेल नसल्यामुळे गळती होऊन गाडी हळूहळू खाली बसण्याची भीती राहत नाही. शिवाय त्याच्या माथ्यावरील खाच दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर नेमकी बसते. त्याचे बूड मात्र लहान असते; पावसाळ्यात रस्त्याकडेच्या मुरमात ते एका बाजूने रुतले की जॅक कलतो. म्हणून डिकीत फूटभर लांबीरुंदीची जाड प्लायवूडची फळी ठेवावी आणि आट्यांना वर्षातून एकदा ग्रीस लावावे.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, बाटलीसारख्या उभ्या बाटली जॅकला श्रम कमी लागतात व उंच जीप किंवा पिकअपसाठी तो उत्तम आहे. परंतु मिटलेला असतानाही त्याची उंची साधारण 15 ते 20 सेंटिमीटर असते, आणि हवा गेलेल्या हॅचबॅकखाली तेवढी जागा अनेकदा उरत नाही. त्याचा छोटा सपाट माथा पत्र्याच्या कडेवरून घसरू शकतो. लहान गाडीसाठी तो मी सुचवणार नाही.

चाकांवर सरकणारा आणि तेलाच्याच दाबावर चालणारा ट्रॉली जॅक वापरायला सर्वांत सुखद आहे, पण फक्त काँक्रीटच्या सपाट जमिनीवर. त्याचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे गाडी उचलताना जॅकची चाके थोडी सरकावीच लागतात. मातीत ती अडकली तर माथा गाडीला आडवा ओढतो. तो जडही असतो. घरी पक्के पार्किंग असेल आणि चाकांची अदलाबदल स्वतः करणार असाल तरच तो घ्यावा, आणि त्यासोबत उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडची जोडी घ्यावीच, कारण नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

जॅक कोणताही असो, गाडी जागेवरून हलता कामा नये. बहुतेक मोटारींत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. पुढून चालणाऱ्या गाडीचे पुढचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) गिअरचा आधार जातो आणि भिस्त हँडब्रेकवर येते. मागचे चाक उचलले तर हँडब्रेक एकाच चाकावर काम करतो, तेव्हा गिअर हवाच. म्हणून हँडब्रेक आणि पहिला गिअर दोन्ही लावावेत, उचलायच्या चाकाच्या तिरक्या विरुद्ध कोपऱ्यातील चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. इलेक्ट्रिक गाडीत मजल्याखाली बॅटरी असते, तेथे पुस्तिकेत दाखवलेल्या जागेखेरीज कोठेही जॅक लावू नये. घाटात पंक्चर झाले तर टायर वाया गेला तरी चालेल, पण सपाट जागा मिळेपर्यंत गाडी अगदी हळू पुढे न्यावी.