जुनं पायपर कब : घ्यावं, पण कार्ब्युरेटर उघडून

पुण्याच्या एका हौशी गृहस्थाकडून पायपर कब जे-३ विमानाचं पाव स्केलचं (खऱ्याच्या एक चतुर्थांश मापाचं), रिमोटवर उडणारं जुनं मॉडेल घेतलं. पंखांचा पल्ला २.७ मीटर, डीएलई-३० पेट्रोल इंजिन. पंख सुटे होतात, म्हणून जालन्यापर्यंत बोलेरोत आलं. ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकायची माझी हिंमत नव्हती.

बाल्सा-प्लायचा सांगाडा अव्वल. फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन बसवलेल्या फळीत, तेल मुरलेलं नाही, हे आधी बघावं. पिवळी फिल्म आपल्या उन्हात फुगली, इस्त्री फिरवल्यावर ताणून बसली.

खरं काम इंजिनात. सुरू व्हायचं, पण थ्रॉटल दिला की गुदमरायचं. पेट्रोल तसंच ठेवून पडून राहिलं की कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (आतला लवचिक पातळ पडदा) कडक होतो. ह्याचा तर पापड झालेला. इथं विमानाचं दुकान कुठलं? मोंढ्यात फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या मामांकडं मापाचं किट निघालं. कार्ब्युरेटर त्याच जातीचा. “खेळण्याला पेट्रोल लागतंय व्हय?” म्हणत त्यांनी सुईही साफ करून दिली. आता ३०:१ मिश्रणावर (तीस भाग पेट्रोल, एक भाग ऑइल) आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनाचं संथ चालणं, एकसारखं लागतं.

पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्वो, जुने प्लास्टिक गियरचे होते; ते काढून मेटल गियरचे टाकले. रिमोटचा इशारा घेणाऱ्या रिसीव्हरला ६.६ व्होल्टची लाइफे (लिथियम-आयर्न) बॅटरी, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या इग्निशनला वेगळी, आणि रेडिओवरून इग्निशन तोडणारा स्विच. ह्या खर्चात काटकसर नको.

हरभरा निघालेल्या रानात मोठी चाकं ढेकळं सहज झेलतात. पण वळताना नुसतं एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची झडप) दिलं तर नाक उलटीकडं जातं, रडर (शेपटीचं उभं सुकाणू) सोबत द्यावाच लागतो. फोमच्या ट्रेनरवरून (शिकाऊ विमानावरून) थेट ह्यावर येऊ नका.