हॉकीसाठी कॉलेज सोडताय? आधी ‘मुक्त’ची पदवी नीट पारखून घ्या

बारावी झाली, गंगापूर रोडवरच्या नाहीतर कॉलेज रोडवरच्या एखाद्या महाविद्यालयात एफवायला प्रवेश झाला, विद्यापीठाच्या संघात नाव लागलं आणि तेवढ्यात बाहेरून बोलावणं आलं. कधी अकादमीचं, कधी रेल्वेसारख्या डिपार्टमेंटच्या संघाच्या चाचणीचं, कधी हॉकी इंडिया लीगच्या लिलावासाठी नाव नोंदवायचं. नाशिकच्या घरात अशा वेळी एक ठरलेलं उत्तर असतं, ‘कॉलेज सोड, मुक्तमधून बीए करून टाक.’ ‘मुक्त’ला हरकत नाही, घोळ आहे तो ‘करून टाक’मध्ये.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं. मुख्यालय गंगापूर धरणाजवळ, ज्ञानगंगोत्रीच्या आवारात. इथे फक्त एकाच गिऱ्हाइकाच्या नजरेतून त्याची परीक्षा आहे: वर्षातले दोनशे दिवस शिबिरात आणि स्पर्धांत घालवणारा, अठरा ते बावीस वयाचा हॉकीपटू. त्याच्यासाठी या पदवीला पाचपैकी साडेतीन. उरलेले दीड गुण कशात गेले ते पुढे येईल.

आधी पूर्ण गुणांची बाब. दूरशिक्षणाची पदवी ‘खालची’ असते, हा समज अजून सुटलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2020च्या दूरशिक्षण नियमावलीत मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरलेली आहे आणि 2022 मध्ये आयोगाने ते पुन्हा जाहीर केलं. नोकरीच्या अर्जात, बीपीएडच्या प्रवेशात किंवा स्पर्धा परीक्षेत ‘पदवी’च्या रकान्यात ही पदवी तशीच चालते. या बाबतीत घरच्यांनी उगाच जीव टांगणीला लावू नये.

आता अभ्यास. यूजीसीच्या हिशेबात दूरशिक्षणातलं एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट, म्हणजे 3,600 तास. वर्षाला 1,200. एकही सुट्टी न घेता रोज सव्वातीन तास. सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं सराव करणाऱ्याला हे झेपत नाही, आणि झेपेल असं सांगणारा एक तर सराव करत नसतो किंवा अभ्यास. शिबिराचे 200 दिवस धरले आणि रोज दीड तास निघाला, तर 300 तास होतात. मोकळ्या 120 दिवसांत रोज पाच तास बसलं, तर 600. उरलेले 45 दिवस प्रवासाचे आणि सामन्यांचे, त्यात शून्य धरा. बेरीज 900. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला चार वर्षं. पहिल्या दिवसापासून चार वर्षांचं गणित मांडलं तर पदवी पदरात पडते. तीनचं मांडलं तर दुसऱ्या वर्षी दोन-तीन विषय मागे राहतात, मग परीक्षेचा अर्जच भरला जात नाही आणि प्रकरण तिथेच थांबतं.

पुस्तकांबद्दल चांगलंच बोलावं लागेल. स्वयंअध्ययनाची म्हणून लिहिलेली, मराठीतली, छोट्या घटकांत तोडलेली. एक घटक एका बैठकीत संपतो. नाशिकरोडहून हावडा मेल धरून राउरकेलाला जायचं तर जवळपास पूर्ण दिवस गाडीत जातो, त्यात तीन-चार घटक आरामात होतात. शाखा निवडताना मात्र हौस बाजूला ठेवा. प्रात्यक्षिकं असलेली शाखा शिबिरात बसणाऱ्याला जमत नाही, कारण प्रयोगशाळेत हजर राहावंच लागतं. वाणिज्यला लेखाकर्माचा हात रोज चालता हवा, पंधरा दिवसांचा खंड पडला की ताळेबंद जुळत नाही. बीए सगळ्यांत कमी अडवतं.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या कॉलेज सोडण्याच्या मुहूर्तात. बोलावणं जानेवारीत आलं म्हणून पोरगं जानेवारीत कॉलेज सोडतं. हे नुकसानीचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत बाहेर पडण्याचं दार वर्षाच्या शेवटी उघडतं, सत्राच्या मध्ये नाही. पहिल्या वर्षाची किमान 40 क्रेडिट आणि त्याच उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यवसायाभिमुख कोर्स केला, तर प्रमाणपत्र मिळतं. 80 क्रेडिटवर तसाच कोर्स केला तर पदविका. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी व्हायला हवी. एटीकेटी ठेवून बाहेर पडलात तर त्या विषयांची क्रेडिट खात्यात पडतच नाहीत. तेव्हा लीग, शिबिर काहीही असो, उन्हाळी परीक्षा देऊनच निघायचं.

इथेच आणखी एक गणित आहे, आणि ते कुणी सांगत नाही. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट ज्या खात्यात जमा होतात त्या क्रेडिट बँकेच्या 2021च्या नियमांत, पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावीत अशी अट आहे. एफवाय करून ‘मुक्त’कडे वळलात तर तुमच्याकडे 120 पैकी 40 आहेत, म्हणजे एक तृतीयांश. अडचण नाही. एसवाय पुरं करून वळलात तर 80 आहेत, पण धरली जाणार जास्तीत जास्त 60. उरलेली 20 पाण्यात. शिवाय नव्या अभ्यासक्रमाशी विषय जुळायला हवेत, ते वेगळंच. म्हणून एफवायनंतर सोडणाऱ्यासाठी ‘मुक्त’ हा सरळ रस्ता आहे. एसवाय झालेल्याने मात्र जुन्याच विद्यापीठात पदविका घेऊन थांबावं, दोन हंगाम खेळावेत आणि तीन वर्षांच्या मुदतीत परत येऊन टीवाय संपवावं. मुक्त विद्यापीठाने आपल्याकडे आलेल्या एसवायवाल्याला हे प्रवेशाआधी मोठ्या अक्षरांत सांगायला हवं. अर्धा गुण इथे कापला.

प्रवेश ऑनलाइन आहे, पण त्याआधी दोन गोष्टी लागतात. डिजिलॉकरमधून क्रेडिट बँकेचा आयडी आणि त्यावरून यूजीसीचा डेब-आयडी, म्हणजे दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठीचा ओळख क्रमांक. दोन्ही आधारवरच्या नावावर निघतात. आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर बहुतेक वेळा नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तेवढा क्रमातला फरक समजून घेतला जातो, पण ‘राजेंद्र’चं इंग्रजीत एकदा शेवटी ए लावून आणि एकदा न लावता केलेलं स्पेलिंग मात्र अडवतं. हॉकी इंडियाच्या खेळाडू नोंदणीवरही नाव असतं आणि राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच नावाने छापून येतं. पुढे क्रीडा प्रमाणपत्र पडताळणीला विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात द्याल, तेव्हा चारही कागदांवर एकच माणूस दिसायला हवा. दुरुस्ती आधी आधारवर करा, बाकीचं त्यामागून.

अभ्यास केंद्र घराजवळचं घ्यावं की मैदानाजवळचं? दोन्ही नाही. ज्याचा केंद्रसंयोजक फोन उचलतो ते घ्यावं. हे थट्टेने म्हटलेलं नाही. गृहपाठाच्या तारखा, परीक्षेचा अर्ज, ओळखपत्र हे सगळं केंद्रातून कळतं, आणि तुम्ही तेव्हा दुसऱ्या राज्यात असता. नाशिककरांचा नेहमीचा गैरसमज असा की मुख्यालय आपल्याच गावात, तेव्हा काही अडलं की गाडी काढून थेट धरणाकडे जायचं. आधी अभ्यास केंद्र, ते नाही जमलं तर विभागीय केंद्र (राज्यात अशी आठ आहेत, एक नाशिकचं), आणि सगळ्यांत शेवटी मुख्यालय. उलट्या क्रमाने गेलात तर गंगापूर धरण पाहून परत याल.

राहिलेला एक गुण परीक्षेत गेला. दूरशिक्षणात सत्रान्त परीक्षेचं वजन किमान 70 टक्के ठेवावं लागतं आणि ती केंद्रावर बसून, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. विद्यापीठ राज्याचं, म्हणून परीक्षा केंद्रं राज्यातच. राष्ट्रीय शिबिर बंगळूरुला. म्हणजे पाच-सहा पेपरांसाठी ये-जा, आणि पेपर सलग नसतील तर प्रशिक्षकाकडून आठ-दहा दिवसांची सुट्टी. हॉकी इंडिया लीगचा 2024-25चा हंगाम 28 डिसेंबरला सुरू होऊन 1 फेब्रुवारीला संपला होता. त्या पाच आठवड्यांत कुठलाही पेपर लागला तर तो गेलाच समजा. यावर एकच उपाय: प्रत्येक सत्रात जेवढे विषय झेपतील तेवढेच धरायचे, आणि वेळापत्रक निघाल्याच्या दिवशी संघ व्यवस्थापकाच्या हातात लेखी द्यायचं. तोंडी सांगितलेली सुट्टी ऐनवेळी मिळत नाही.

पालकांच्या बोलण्यात हल्ली अमेरिकेचा दाखला येतो. तिकडे आइस हॉकीतली पोरं कॉलेज अर्ध्यावर टाकून व्यावसायिक होतात, मग आपल्याकडे का नको? दाखला खरा आहे. केल मकार 13 एप्रिल 2019 रोजी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून राष्ट्रीय अंतिम सामना खेळला आणि 15 एप्रिलला कोलोराडो क्लबकडून एनएचएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, बाद फेरीत उतरून त्याने गोल केला. मधे एक दिवस. मॅकलिन सेलेब्रिनीने बॉस्टन विद्यापीठात एकच हंगाम काढला, सतराव्या वर्षी कॉलेज हॉकीतला सर्वोच्च होबी बेकर पुरस्कार घेतला आणि 2024 मध्ये एनएचएलच्या क्लबांनी केलेल्या खेळाडूंच्या निवडीत पहिला गेला. पण तिथल्या करारांची रचना बघा. 18 ते 21 वयाच्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो, आणि एनएचएलमध्ये खेळत असताना वर्षाचं किमान वेतन 2025-26च्या हंगामात 7,75,000 डॉलर. क्लब खेळाडूला आधीच निवडून ठेवतो, तो कॉलेजात खेळत असताना हक्क क्लबकडे असतात, आणि बोलावणं येतं ते जागा तयार झाल्यावर. ओवेन पॉवर 2021 मध्ये पहिला निवडला जाऊनही आणखी एक वर्ष मिशिगन विद्यापीठात खेळला, एप्रिल 2022 मध्ये गेला.

आपल्याकडे हॉकी इंडिया लीगच्या 2024च्या लिलावात मूळ बोली 2, 5 आणि 10 लाखांची होती. हरमनप्रीत सिंगला 78 लाख मिळाले, पण तो तेव्हा भारताचा कर्णधार होता. एफवायचा मुलगा दोन लाखांच्या यादीत असतो आणि त्यातही विकला गेला तर. लीग काही आठवड्यांची. उरलेलं वर्षभर पोट भरतं ते डिपार्टमेंटच्या नोकरीवर. आणि ती नोकरी शिक्षणाला बांधलेली आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात लेव्हल 2 आणि 3 साठी बारावी चालते, मूळ वेतन 19,900 आणि 21,700. लेव्हल 4 आणि 5 साठी पदवी लागते, मूळ वेतन 25,500 आणि 29,200, आणि त्यासाठी खेळाची पात्रताही मोठी. वयाची अट 18 ते 25, त्यात कुणालाही सवलत नाही. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण पदाची शैक्षणिक अट माफ होत नाही. म्हणजे पदवी ही इथे हॉकी बुडाली तर धरायची फळी नाही, हॉकीच्याच पगाराचा तो भाग आहे. आता ते चार वर्षांचं गणित पंचविशीच्या अटीशेजारी ठेवा. अठराव्या वर्षी ‘मुक्त’ला नाव घातलं तर बावीस, तेविसाव्या वर्षी पदवी हातात. एकविसाव्या वर्षी ‘आता बघू’ म्हणत सुरू केलं तर रेल्वेची वरची पायरी हुकू शकते.

एक गोष्ट ‘मुक्त’ देऊ शकत नाही आणि तिच्यासाठी गुण कापणंही अन्याय होईल: रोजचा संघ. अभ्यास केंद्र म्हणजे रविवारी भरणारं संपर्क सत्र, तिथे क्रीडा संचालकही नसतो आणि मैदानही नसतं. नाशिकचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संघाचं दार असतं, त्यापुढे पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथला तिसऱ्या क्रमांकापर्यंतचा पदकधारी रेल्वेच्या लेव्हल 2-3च्या पात्रतेत बसतो. ज्याच्या हातात अजून ज्युनिअर राष्ट्रीयचं नाव घेण्यासारखं प्रमाणपत्र नाही आणि बोलावणं फक्त ‘या, बघू’ एवढंच आहे, त्याने कॉलेज सोडू नये. ‘मुक्त’ त्याच्यासाठी नाही. ज्याच्याकडे लेखी करार किंवा वसतिगृहासह अकादमीची जागा आहे, त्याने उन्हाळी परीक्षेनंतर खुशाल जावं.

शेवटचं, अगदी किरकोळ वाटणारं. पुस्तकं किटबॅगच्या तळाशी टाकू नका. टर्फवर पाणी मारलेलं असतं, सामन्यानंतर शिनगार्ड आणि मोजे ओलेच आत जातात आणि दुसऱ्या दिवशी घटक तीनची पानं एकमेकांना चिकटलेली मिळतात. स्टिकबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात, झिपच्या प्लास्टिक पाकिटात एका वेळी एकच पुस्तक, सोबत ओळखपत्र आणि हॉल तिकिटाच्या दोन प्रती. एक प्रत नेहमी हरवते.