चर्चच्या बंदोबस्तासाठी घेतलेले वॉकी-टॉकी

ठाण्यात तलावपाळीजवळच्या आमच्या चर्चमध्ये नाताळच्या रात्री गेटवर, पार्किंगमध्ये आणि दारांपाशी आम्ही स्वयंसेवक असतो. त्या गर्दीत मोबाइल लागता लागत नाही, म्हणून यंदा वॉकी-टॉकी घेतले. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या सेटला परवाना लागत नाही. स्वस्त सेट घेताना हे आधी बघाच. आवाज स्वच्छ येतो. इयरपीस मात्र हवाच, नाहीतर प्रवचनात खरखर घुमते. बटण दाबून क्षणभर थांबावं, म्हणजे पहिला शब्द तुटत नाही. मिस्सा चालू असताना एका आजींना भोवळ आली. दारावरच्या मुलाने हळूच कळवलं, खुर्ची-पाणी लगेच पोचलं. तेवढ्यानेच पैसे वसूल! जाड भिंतींमागे आवाज अडखळतो, आणि बेल्टची क्लिप तकलादू आहे.